बहिणाबाईंचं स्वप्न आणि बहिणाबाईंचं जागेपण

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



या खेपेला आम्ही संत बहिणाबाईंचं चरित्र घेतलं आहे. त्यामागचं कारण आधी सांगतो. हल्ली आपल्या घराघरांतली तरुण पोरं एक प्रश्न वारंवार विचारतात. झोपेत असतानाच हे स्वप्न आहे असं कळावं, स्वप्न आपल्या हाती यावं, देह अंथरुणावर राहावा आणि आपण बाहेर हिंडून यावं, यासाठी काय करायचं? मोबाइलवर व्हिडिओ बघून कुणी रात्री तीनचा गजर लावतं, कुणी तासन्‌तास निपचित पडून राहतं. आईबापांना काळजी लागते, आणि आजी म्हणतात की याला बाहेरचं काहीतरी लागलंय. रागवून हा प्रश्न मिटत नाही. म्हणून जिला असा अनुभव खरोखर आला आणि जिने तो स्वतः सांगून ठेवला, तिचंच आयुष्य बघू या.

या बहिणाबाई म्हणजे खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी नव्हेत. त्या अलीकडच्या. या तुकोबांच्या शिष्या, सतराव्या शतकातल्या.

*देवगाव ते कोल्हापूर*

बहिणाबाईंचा जन्म १६२८ चा, वेरूळजवळच्या देवगावचा. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. घर ब्राह्मणाचं, गावकीच्या लिखापढीचं. त्या काळच्या रीतीप्रमाणे पोर चालायला-बोलायला लागते न लागते तोच लग्न लागलं. नवरा शिऊरच्या पाठक घराण्यातला, विद्वान, पण बिजवर आणि तिशीचा. जमदग्नीचा अवतार म्हणावा असा त्याचा राग.

बहिणाबाई नऊ वर्षांच्या असतील-नसतील, तोच वडिलांवर कर्जाचं आणि भाऊबंदकीचं संकट आलं. सगळ्यांनी रातोरात गाव सोडलं. बरोबर जावईही निघाला. पंढरपूर, शिंगणापूर असं करत, भिक्षा मागत ही मंडळी रहिमतपूरला आली आणि तिथून कोल्हापूरला. कोल्हापुरात बहिरंभट नावाच्या सज्जन ब्राह्मणाच्या घरी ओसरी मिळाली. त्यांच्या घरी पुराण चाले, गावात वडगावच्या जयराम स्वामींची कीर्तनं होत. त्या कीर्तनांत तुकोबांचे अभंग गायले जायचे. देहूचा एक वाणी, अजून हयात असलेला, आणि त्याचे शब्द इथे कोल्हापुरात लोकांच्या तोंडी! अकरा वर्षांची ही मुलगी ते ऐकायची आणि तिथेच अडकून बसायची.

पुढे बहिरंभटांना कुणी एक कपिला गाय दान दिली. गाय व्याली. मग बहिरंभटांना स्वप्नात आज्ञा झाली की ही गाय वासरासकट ओसरीवरच्या ब्राह्मणाला दे. त्यांनी ती दिली. त्या वासराला बहिणाबाईंचा असा लळा लागला की त्या पाण्याला गेल्या तरी ते मागे, कीर्तनाला गेल्या तरी मागे. एकदा कीर्तनात गर्दी झाली म्हणून लोकांनी वासराला बाहेर काढलं. ते बाहेर हंबरू लागलं, ही आत रडू लागली. जयराम स्वामींना कळलं, त्यांनी वासराला आत आणवलं आणि दोघांच्याही डोक्यावरून हात फिरवला.

ही गोष्ट गावभर झाली आणि नवऱ्याच्या कानावर गेली. त्याने वेणी धरून त्या पोरीला बेदम मारलं, बांधून ठेवलं. गाय आणि वासरू दोघांनी चारा-पाणी सोडलं.

इथे थोडं थांबून एक सांगतो. आपल्याकडे काही जण हा प्रसंग सहनशक्तीचं उदाहरण म्हणून सांगतात. आम्हांला ते पटत नाही. बहिणाबाईंनी हा मार लपवला नाही, गोडही करून सांगितला नाही. स्वतःच्या आत्मचरित्रात तो जसा झाला तसा सांगितला. मार हा मार आहे. आपल्या कुठल्याही घरात तो भक्तीच्या नावाखाली झाकला जाऊ नये.

*ते दिवस*

थोड्याच दिवसांत वासरू मेलं. लोकांनी भजन करत त्याला मूठमाती दिली. बहिणाबाईंची मात्र शुद्ध हरपली. देह पडलेला, डोळे मिटलेले, हाक मारली तर ओ नाही. घरच्यांना वाटलं, गेली. त्या स्वतः सांगतात की आत मात्र जाग होती. एका ब्राह्मणाने समोर येऊन सावध हो म्हणून सांगितलं. शुद्धीवर आल्यावरही मन संसारात परतलं नाही. तुकोबांचे ऐकलेले अभंग रात्रंदिवस आत घोळत राहिले. ज्याला कधी पाहिलं नाही, त्याच्या भेटीसाठी जीव तळमळत राहिला.

आणि कार्तिक वद्य पंचमीला, रविवारी, स्वप्नात तुकोबा आले. डोक्यावर हात ठेवला, कानात मंत्र दिला. कोल्हापूरहून देहू म्हणजे तेव्हाची कित्येक दिवसांची पायवाट. पण बहिणाबाईंच्या लेखी त्या दिवशी गुरुभेट झाली, आणि पुढचं सगळं आयुष्य त्यांनी त्या भेटीवर उभं केलं.

आता गंमत बघा. ज्यांनी स्वप्नात अनुग्रह दिला, त्या तुकोबांनाही अनुग्रह स्वप्नातच झाला होता. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. बाबाजी चैतन्य स्वप्नात भेटले, डोक्यावर हात ठेवला, रामकृष्णहरी मंत्र दिला आणि भोजनाला पावशेर तूप मागितलं. तुकोबा मोकळेपणाने सांगतात की स्वप्नात त्या तुपाचा विसर पडला. एवढे मोठे संत, पण स्वप्नावर ताबा होता असं ते म्हणत नाहीत. विसरलो असंच म्हणतात.

ही परंपरा आपल्याला परकी नाही. तुकोबा आणि बहिणाबाई दोघेही आपल्या गुरुमालिकेत राघव चैतन्यांचं नाव घेतात. त्यांची समाधी आपल्याच कलबुर्गी जिल्ह्यात, आळंदला आहे असं परंपरा मानते. चिटगुप्पा-हुमनाबादकडून गाणगापूरच्या वाटेला लागणाऱ्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावं. देहूच्या स्वप्नाचं एक मूळ आपल्या मुलखात आहे.

*स्वप्नानंतर*

बहिणाबाईंच्या चरित्रातलं खरं कठीण पान स्वप्नानंतरचं आहे. लोक त्यांना बघायला येऊ लागले. नवरा आणखी भडकला. आपण वेदपाठी ब्राह्मण, आणि बायको एका शूद्राला गुरू म्हणते! बायको गरोदर असताना तिला टाकून निघून जायचं त्याने ठरवलं. तेवढ्यात तो तापाने अंथरुणाला खिळला. औषध लागू पडेना. दुखण्यात त्याला वाटलं की तुकोबांची निंदा भोवली. बहिणाबाई उशापायथ्याशी बसून त्याची सेवा करत होत्या. बरा झाल्यावर तो बदलला आणि सगळं कुटुंब घेऊन देहूला निघाला.

देहूला पोचल्यावर त्यांनी स्वप्नातले तुकोबा प्रत्यक्ष पाहिले. पण तिथेही सुख ठेवलेलं नव्हतं. मंबाजी गोसाव्याने त्यांना छळलं. त्यांनी तुकोबांना गुरू मानलं म्हणून हाकललं, त्यांची गाय बांधून मारली. बहिणाबाई विठ्ठलाच्या देवळात कीर्तन ऐकत राहिल्या. मुलगी काशी झाली, पुढे मुलगा विठोबा झाला. घर, धुणी-भांडी, पोरंबाळं, नवऱ्याची सेवा, आणि त्यातच अभंग. ब्राह्मण कुणाला म्हणावं, जन्माने की ज्ञानाने, हा प्रश्न विचारणारी वज्रसूची त्यांनी मराठीत आणली. जातीवरून ज्यांनी त्यांच्या गुरूला हिणवलं, त्यांना त्यांनी असं शास्त्राने उत्तर दिलं.

*पोरांच्या प्रश्नाकडे*

आता व्हिडिओत सांगतात ते उपाय. ते सगळे खोटे आहेत असं आम्ही म्हणणार नाही. उठल्याबरोबर स्वप्न वहीत लिहावं. दिवसातून अनेकदा स्वतःला विचारावं की मी जागा आहे का, तळहाताकडे बघावं, एखादी पाटी दोनदा वाचावी, कारण स्वप्नात अक्षरं बदलतात. पाचेक तास झोपून उठावं, थोडा वेळ जागं राहावं आणि संकल्प करून परत झोपावं. याने काहींना स्वप्नात जाग येते. १९७५ साली इंग्लंडमध्ये कीथ हर्न या संशोधकाने हे यंत्रावर नोंदवलं. झोपलेल्या माणसाने आधी ठरवल्याप्रमाणे स्वप्नातून डोळे हलवून खूण केली. पुढे अमेरिकेत स्टीफन लाबर्ज यांनी असंच काम केलं.

देहाबाहेर गेल्यासारखं वाटण्याचंही शास्त्रज्ञ बघतात. २००२ साली स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी अपस्माराच्या एका रुग्ण बाईच्या मेंदूतल्या एका जागी सौम्य वीज दिली, तेव्हा आपण वरून आपल्याच देहाकडे बघतोय असं तिला वाटलं. म्हणजे असं वाटणं माणसाच्या मेंदूतून येऊ शकतं. झोपेतून जाग येताना अंग हलत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, तेही भूत नव्हे. स्वप्नाच्या झोपेत शरीर सैल पडलेलं असतं, आणि मन थोडं आधी जागं होतं, एवढंच. आजींनी घाबरू नये, लिंबू उतरवायची घाई करू नये.

आपल्याकडेही उपाय आहेतच. गुरुचरित्राच्या सप्ताहात रात्री देवाजवळ चटईवर, डाव्या कुशीवर झोपावं म्हणजे दृष्टांत होतो, असं आपल्या घरांत सांगतात. पण त्या नियमाच्या आधी काय आहे ते बघा. सात दिवस वाचन, हविष्यान्न, ब्रह्मचर्य, कमी बोलणं. झोपायची कूस शेवटी येते. आधी दिवस आहे.

बहिणाबाईंचंही तेच. त्यांनी दिवसभर एकच ध्यास घेतला आणि तोच रात्री उतरला. एवढं बघितलं तर व्हिडिओतला उपाय आणि त्यांची तळमळ सारखीच वाटेल. फरक मागण्यात आहे. पोरं अनुभव मागतात, बहिणाबाई गुरू मागत होत्या. अनुभव मागणाऱ्याला उद्या त्याहून मोठा अनुभव लागतो. बहिणाबाईंचं मात्र तसं झालं नाही. मिळालं ते घेऊन त्या उठल्या आणि कामाला लागल्या.

म्हणून घरातल्यांना चार गोष्टी सांगतो. वही लिहायची तर लिहा, त्यात वाईट काही नाही. रोज रात्री झोप मोडू नका. शाळा-कॉलेजच्या पोरांनी तर नाहीच, आणि मनाच्या आजाराची औषधं चालू असतील त्यांनी या वाटेला जाऊ नये. आणि कुणी शुद्ध हरपून पडलं, तर तो साक्षात्कार आहे की काय याची चर्चा करत बसू नका, आधी दवाखाना गाठा. गुरूंची कृपा दवाखान्याच्या वाटेवरही असते.

*शेवट*

तुकोबांच्या वैकुंठगमनानंतर बहिणाबाई पन्नास वर्षं जगल्या. १७०० साली, बहात्तराव्या वर्षी, शिऊरला त्यांनी देह ठेवला. अंतकाळ जवळ आल्यावर त्यांनी मुलाला, विठोबाला, आपले मागचे बारा जन्म सांगितले आणि हा तेरावा, शेवटचा म्हणून सांगितलं. तरुणपणी जी मुलगी देहाचं भान हरपून पडली होती, ती म्हातारपणी पूर्ण शुद्धीत, मुलाशी बोलत, देहाबाहेर गेली. शिऊर आज वैजापूर तालुक्यात आहे, तिथे त्यांची समाधी आहे. त्यांचं आत्मचरित्र १९२९ साली जस्टिन अ‍ॅबट यांनी इंग्रजीत नेलं, म्हणून परमुलखातले लोकही ते वाचतात. आपली परदेशातली नातवंडं ते इंग्रजीत वाचू शकतील, आपण मराठीत वाचावं.

स्वप्न किती स्पष्ट होतं, याची मोजणी बहिणाबाईंनी ठेवली नाही. जागं झाल्यावर त्या कुणाशी कशा वागल्या, हे मात्र अभंगाअभंगातून दिसतं. आपल्यापैकी ज्याला स्वप्नात गुरू दिसले, त्याने सकाळी उठून आधी घरातल्या माणसांशी गोड बोलावं. दृष्टांत खरा होता की नाही, ते घरचेच सांगतील.

येत्या गुरुवारी संध्याकाळच्या आरतीनंतर हे चरित्र घरात मोठ्याने वाचावं, आणि पोरांना हवं ते विचारू द्यावं.

श्रीगुरुचरणार्पणमस्तु 🙏

आपले सेवेकरी, चिटगुप्पा