चिंतामणराव देशमुख

रायगड किल्ल्याच्या परिसरात महाडजवळ नाते नावाचे गाव आहे. तेथे १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. वडील वकिली करीत. चिंतामणचे बालपण बहुतांशी कुंडलिका नदीकाठच्या रोह्यास गेले. आजच्या रायगड जिल्ह्यास त्या काळी कुलाबा जिल्हा म्हणत. रोह्यास किंवा पेणेस तेव्हा आगगाडी नव्हती. उच्च शिक्षण घ्यावयाचे तर घर सोडून मुंबई गाठावी लागे. चिंतामण मुंबईस गेला आणि १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला आला. संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यानेच मिळविली.

पुढे केंब्रिजला त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला व वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक पटकाविले. १९१८ साली आय. सी. एस.च्या परीक्षेतही त्यांचा पहिला क्रमांक आला. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. त्या पदावर बसणारे ते पहिले भारतीय होत. त्यांच्याच कारकिर्दीत बँकेत संशोधन व सांख्यिकी विभाग निघाला आणि १९४७ च्या जानेवारीपासून बँकेचे मासिक प्रसिद्ध होऊ लागले. १९५० मध्ये ते देशाचे अर्थमंत्री झाले. परंतु मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे ठेवण्याचा बेत त्यांना मान्य झाला नाही. १९५६ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

एवढे मोठे पद सोडल्यावर त्यांनी पत्करलेले काम वरकरणी शांत होते. विद्यापीठ अनुदान मंडळाचे ते अध्यक्ष झाले. विद्यापीठांस पैसा कशाकशासाठी द्यावा हे या मंडळाने ठरवावयाचे असे. इमारती हव्यात, प्रयोगशाळा हव्यात, हे कोणासही सहज दिसे. ग्रंथालयाची निकड मात्र तशी डोळ्यांत भरत नसे.

ही निकड नीट समजून घेतली पाहिजे. विद्वानांचे नवे शोध प्रथम ग्रंथात येत नाहीत. ते शोधनिबंधाच्या रूपाने नियतकालिकात छापले जातात. ग्रंथालयाच्या यादीत नियतकालिकाचे नाव सापडते, परंतु त्याच्या जाडजूड बांधीव खंडांत कोणता निबंध कोठे दडला आहे हे ती यादी सांगत नाही. त्यासाठी निबंधांची निराळी सूची लागते; तीत विषय, लेखक, वर्ष व पृष्ठ यांची नोंद असते. अशी सूची हाताशी नसेल तर एखादा प्राध्यापक ज्या प्रश्नावर वर्षानुवर्षे झिजला, त्याचे उत्तर दुसऱ्या कोणी आधीच छापून ठेवलेले असावयाचे! श्रम वाया जातात आणि आयुष्य परत मिळत नाही.

चिंतामणराव अध्यक्ष असताना, १९५७ साली मंडळाने ग्रंथालयांचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्षपद ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांना देण्यात आले. वाचकाचा वेळ वाचविणे हे ग्रंथालयाचे मोठे कर्तव्य होय, असे रंगनाथन मानीत. ग्रंथालयासाठी दर विद्यार्थ्यामागे १५ रुपये आणि दर अध्यापकामागे २०० रुपये द्यावेत, असे समितीने सुचविले. आज हे आकडे लहान वाटतील. परंतु ग्रंथालयाचा खर्च हा उरलासुरला खर्च नव्हे, हे त्यांतून ठरले.

१९६१ पर्यंत चिंतामणरावांनी हे पद सांभाळले. नंतर ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. एवढ्या व्यापातही संस्कृतचा लोभ सुटला नव्हता. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठी पद्यात आणले आणि उतारवयात अमरकोशातील शब्दभांडारावरही पुस्तक सिद्ध केले. अमरकोशात एकाच वस्तूची अनेक नावे एकत्र दिलेली असतात. निबंध शोधणाऱ्यालाही हीच युक्ती उपयोगी पडते! ‘पाणी’ या शब्दाखाली निबंध मिळाला नाही, तर ‘जल’ या शब्दाखाली पाहावे. ‘भात’ सापडला नाही, तर ‘तांदूळ’ अथवा ‘धान’ पाहावे.

२ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे चिंतामणराव निवर्तले. विद्यापीठांची ग्रंथालये संगणकाने जोडण्याचे काम त्याच अनुदान मंडळाने १९९१ साली हाती घेतले. त्यातून उभी राहिलेली इन्फ्लिबनेट ही संस्था आता गांधीनगर येथे आहे. देशातील विद्यापीठांत तयार झालेले प्रबंध तिने ‘शोधगंगा’ या भांडारात एकत्र केले असून ते कोणासही वाचता येतात. चिंतामणरावांचे नाव दिलेले एक महाविद्यालय रोह्यास आहे. तेथील विद्यार्थ्याने विषयाचे दोन-तीन शब्द संगणकावर लिहिले की दूरदूरच्या विद्यापीठांतील प्रबंधांची यादी समोर येते. आणि त्यासाठी त्याला मुंबईस जावे लागत नाही.