माधव महाराज आणि आजोळची दुनळी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने बंदुकीवर लिहावे हे आमच्या मित्रमंडळींना जरा चमत्कारिक वाटले. कन्नड विभागात लिहिणाऱ्या माझ्या मित्राने तर मी शिकारकथांच्या नादी लागलो की काय, अशी चौकशी केली. पण हा लेख एका माणसाच्या चरित्राचा आहे. त्या माणसापर्यंत मी बंदुकीच्या वाटेने पोचलो, एवढेच.

माझे आजोळ उज्जैनचे. वडिलांशी कन्नड आणि आईशी मराठी बोलत वाढलेल्या मला तिथे गेल्यावर मामेभावंडांचे हिंदी वळणाचे मराठी ऐकून नेहमी गंमत वाटते. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेईपर्यंत उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती, आणि दरबाराबरोबर आलेली कितीतरी मराठी घरे मागे तिथेच राहिली. आमचे आजोळ त्यांपैकीच एक.

गेल्या वर्षी आजोबा वारले. घरातल्या जुन्या दुनळीचा परवाना त्यांच्या नावावर होता. परवानाधारक वारला की हत्यार जमा करावे लागते, म्हणून मामांनी ती इंदूरच्या एका परवानाधारक दुकानात ठेवली. ती विकून टाकावी असे मामांचे मत. आई मात्र ऐकेना. ग्वाल्हेरच्या माधव महाराजांनी ती आमच्या पणजोबांना स्वतःच्या हाताने दिली, असे ती लहानपणापासून ऐकत आली आहे. दोघांत अबोला धरायची वेळ आली, तेव्हा हिशेब तपासणीचा अभ्यास करणारा घरात मी एकटाच असल्यामुळे खरेखोटे करण्याचे काम माझ्याकडे आले.

माधवराव शिंदे यांचा जन्म १८७६ चा. वडील जयाजीराव १८८६ साली वारले तेव्हा ते दहा वर्षांचेही नव्हते. त्यामुळे राज्याचा कारभार काही वर्षे मंडळाकडे होता, आणि पूर्ण अधिकार हाती आले ते १८९४ मध्ये. यंत्रांचे वेड त्यांना विलक्षण. ग्वाल्हेरला दोन फुटी रुळांची छोटी रेल्वे त्यांच्या काळात सुरू झाली, आणि जयविलास राजवाड्यातल्या जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांपुढून पेये आणि चिरूट घेऊन फिरणारी चांदीची आगगाडी आजही पाहायला मिळते. चीनवरच्या मोहिमेसाठी १९०० साली त्यांनी रुग्णालयाचे जहाज दिले आणि पुढे स्वतःही तिकडे गेले. बडोद्याच्या इंदिराराजांशी ठरलेले त्यांचे लग्न त्या राजकन्येने तार करून मोडले, ही हकीकत बहुतेकांना ठाऊक असते. मी ती इथे वाढवत नाही.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याला खरा रस वाटावा तो पुढच्या गोष्टींत. टाटांच्या पोलाद कंपनीची स्थापना १९०७ ची. भागभांडवल देशातल्या लोकांनी काही आठवड्यांत उभे केले, पण पुढे खेळत्या भांडवलासाठी चार लाख पौंडांचे कर्जरोखे काढावे लागले. ते सगळेच्या सगळे माधव महाराजांनी एकट्याने घेतले. कर्जरोखे आणि भाग यांतला फरक आम्ही परीक्षेपुरता पाठ करतो. इथे मात्र त्या एका कागदावर जमशेदपूरची भट्टी पेटली. दुसरी गोष्ट जहाजाची. १९१४ साली महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांनी एम्प्रेस ऑफ इंडिया हे मोठे जहाज विकत घेऊन त्याचे रुग्णालय केले आणि नाव ठेवले लॉयल्टी. युद्ध संपल्यावर ते वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदींच्या नव्या कंपनीने घेतले. कंपनीला सिंधिया हे नावही महाराजांवरूनच मिळाले. ५ एप्रिल १९१९ रोजी हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले, आणि म्हणून तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. इंग्रजांशी निष्ठा दाखवणाऱ्या नावाच्या जहाजाने इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी मोडायला निघावे, हा योगायोग मला फार आवडतो.

उज्जैनवर त्यांचा लोभ होता. सवाई जयसिंगाने बांधलेल्या वेधशाळेची त्यांनी १९२३ साली दुरुस्ती करविली. शिप्रेच्या पात्रातला, मांडूच्या सुलतानांच्या काळचा कालियादेह महाल मोडकळीस आला होता, तो १९२० साली नीट करविला. आमचे पणजोबा या दुरुस्तीच्या कामावर कारकून होते, आणि काम पाहायला आलेल्या महाराजांनी खूश होऊन दुनळी दिली, अशी घरातली कथा आहे.

मे महिन्यात मामांबरोबर इंदूरच्या त्या दुकानात गेलो. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने हिरव्या फडक्यावर बंदूक ठेवली आणि तासभर एकेक गोष्ट दाखवली. बारा बोअरची, बर्मिंगहॅमची. बारा बोअर म्हणजे नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी केली तर तशा बारा गोळ्यांचे वजन एक पौंड, हे मला तिथे कळले. आतली कळ अॅन्सन आणि डीली या दोघांनी १८७५ साली काढलेल्या पद्धतीची. काडतूस भरायला नळ्या खाली मोडल्या की त्याच हालचालीने आतले घोडे चढतात, वेगळा हात लावावा लागत नाही. दोन नळ्या दिसायला समांतर, पण तशा त्या नसतात. तोंडाकडे त्या किंचित जवळ येतात, म्हणजे दोन्हींचे छरे लांबवर एकाच जागी पडावेत. नळीची भिंत काही ठिकाणी एक मिलिमीटरहून पातळ असते आणि तरीही स्फोट सोसते. म्हणूनच प्रत्येक बंदूक कारखान्याबाहेर जाण्याआधी जास्त दारू घालून सरकारमान्य प्रूफ हाउसमध्ये उडवून पाहत आणि नळीखाली ठसा मारत. ते ठसे मी भिंगातून पाहिले.

सर्वात नवल वाटले ते जोडाचे. नळ्या मिटल्यावर सांध्यात केससुद्धा जाणार नाही. हे साधण्यासाठी कारागीर एका भागाला दिव्याची काजळी फासत, बंदूक मिटून पुन्हा उघडत, काळा डाग जिथे उठेल तिथे कानशीचा एकच हात मारत, आणि पुन्हा काजळी. असे किती वेळा याची मोजदाद नाही. नळ्यांचा माणूस वेगळा, अक्रोडाचा दस्ता बसवणारा वेगळा, नक्षी कोरणारा वेगळा. दस्त्याला लाखेचे पॉलिश नाही, जवसाचे तेल तळव्याने पुन्हापुन्हा चोळून जिरवलेले.

दस्त्याच्या खालच्या बाजूस चांदीची लहानशी लंबगोल चकती होती. मालकाची आद्याक्षरे किंवा राजचिन्ह तिच्यावर कोरायचे असते. ती कोरी होती. मामांनी माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही, पण मनात नोंद केली: व्हाउचर नाही.

आता चरित्राची दुसरी बाजू. माधव महाराजांनी आयुष्यात सातशेहून अधिक वाघ मारले असे सांगतात. ते अर्थात रायफलीने, अशा छऱ्याच्या बंदुकीने नव्हे. वाघाच्या शिकारीवर त्यांनी इंग्रजीत मार्गदर्शक पुस्तकही लिहिले. आफ्रिकेतून सिंह आणवून आपल्या राज्यातल्या जंगलात सोडले, ते गुरांवर आणि माणसांवर उठले. शिवपुरीच्या ज्या अभयारण्याला त्यांचे नाव आहे तिथले वाघ पुढे संपले, आणि मार्च २०२३ मध्ये बाहेरून आणून पुन्हा सोडावे लागले. हा हिशेब मी वहीत मांडून पाहिला. एका बाजूला कर्जरोखे, शाळा, वेधशाळा. दुसऱ्या बाजूला वाघ. पण एका खात्याची शिल्लक दुसऱ्या खात्यात वळवता येत नाही. दोन्ही रकमा आपापल्या जागी उभ्या राहतात.

१९२५ च्या जून महिन्यात पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. वय ४८. शिवपुरीला त्यांची संगमरवरी छत्री आहे, आई सख्याराजांच्या छत्रीसमोर.

घरी परतल्यावर मी आईला चकतीची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली की महाराज कारकुनाला बंदूक देताना आपले नाव कशाला कोरतील, ते नाव पणजोबांनी कोरून घ्यायचे, आणि त्यांना तेवढे पैसे कुठले. याला माझ्याकडे उत्तर नव्हते. मामांनाही फोनवर हे पटलेले दिसले, कारण त्यांनी विक्रीचा विचार सोडून परवाना स्वतःच्या नावावर होण्यासाठी अर्ज केला आहे. हत्यार कसे मिळाले या रकान्यात त्यांनी वडिलोपार्जित असे लिहिले. महाराजांचे नाव लिहावे असा आईचा आग्रह होता, पण जागा एका शब्दापुरतीच होती.