निकेलचा किमयागार

नवरात्रात कोराडीच्या जगदंबा मंदिरात तेलाच्या आणि तुपाच्या अखंड ज्योती तेवतात. तेल पातळ, तूप घट्ट. या भेदाचे एक मोठे कारण त्यांच्या रेणूंत दडलेले आहे. तेलातील कार्बनच्या साखळीत जागोजागी दुहेरी बंध असतात. ते उघडून तेथे हायड्रोजन जोडला की तेलही घट्ट होते. वनस्पती तूप असेच बनते. ही जोडणी सुकर केली ती फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिए यांनी.

५ नोव्हेंबर १८५४ रोजी कारकासॉन येथे जन्मलेले साबातिए पॅरिसमध्ये बर्थेलो यांचे साहाय्यक होते. १८८० मध्ये डॉक्टरेट मिळवून ते १८८२ मध्ये तुलूजला आले आणि तेथलेच झाले. १८९६ मध्ये पॅरिसच्या म्वासाँ यांनी निकेलवरून ॲसिटिलीन वायू सोडून पाहिला. निकेल तापून लाल झाले, वायूचे विघटन झाले आणि विषय तेथेच थांबला. साबातिए यांना मात्र त्यात वेगळेच काही दिसले. धर्मगुरू असलेले सहकारी सेंदरेन्स यांच्यासह १८९७ मध्ये त्यांनी इथिलीनमध्ये हायड्रोजन मिसळून ते मिश्रण निकेलच्या तापलेल्या भुकटीवरून नेले. दुहेरी बंध सुटला, हायड्रोजन जोडला गेला आणि इथेन मिळाले. पुढे हट्टी बेंझीनही वठणीवर आले. वायू निकेलच्या पृष्ठभागाशी क्षणभर संयुग पावतो आणि लगेच मोकळा होतो, ही त्यांची उपपत्ती अनेकांना तेव्हा पटली नाही.

त्यांचे प्रयोग वाफेवर चालत. तेलाची वाफ सहजी होत नाही. द्रवरूप तेलावर ही क्रिया घडविण्याचे पेटंट १९०२ मध्ये जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मन यांनी घेतले. १९३२ मध्ये मुंबईत शिवडीला वनस्पतीचा कारखाना निघाला आणि १९३७ मध्ये ‘डालडा’ आला. त्याच्या रिकाम्या डब्यांत पुढे किती घरांनी तुळस लावली असेल! अर्धवट जोडणीत उरलेले काही बंध वेगळा आकार घेतात आणि हृदयाला बाधतात, हे फार उशिरा उमगले. २०२२ पासून भारतात खाद्यतेल व वनस्पती तुपातील ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे.

१९१२ चे नोबेल साबातिए यांना ग्रिन्यार यांच्यासह विभागून मिळाले. सेंदरेन्स मात्र वगळले गेले. ही बाब खटकते. म्वासाँ आणि बर्थेलो १९०७ मध्ये निवर्तले, तेव्हा पॅरिसने साबातिए यांना बोलावले होते. चार मुलींच्या या विधुर पित्याने तुलूज सोडले नाही. विज्ञान अकादमीचे पूर्ण सदस्यत्व पॅरिसबाहेरच्यांना मिळत नसे. १९१३ मध्ये अकादमीने त्यासाठी नवा वर्ग निर्माण केला आणि साबातिए त्याचे पहिले सदस्य ठरले. १४ ऑगस्ट १९४१ रोजी तुलूजमध्येच त्यांचे निधन झाले.