पांडुरंग सदाशिव खानखोजे

पांडुरंग सदाशिव खानखोजे (मृत्यू : नागपूर, १९६७) हे भारतीय क्रांतिकारक, कृषिशास्त्रज्ञ आणि शेतकऱ्यांचे शिक्षक होते. गदर चळवळीच्या आरंभकाळातील कार्यकर्ते आणि मेक्सिकोतील मुक्त कृषिशाळांचे संस्थापक म्हणून ते ओळखले जातात.

पूर्वायुष्य

खानखोजे यांचा जन्म १८८० च्या दशकात वर्धा येथे झाला. विद्यार्थिदशेतच ते लोकमान्य टिळकांच्या राजकारणाकडे ओढले गेले. सशस्त्र लढ्याची तयारी करण्यासाठी त्यांनी देश सोडला आणि जपानमार्गे ते अमेरिकेस पोहोचले. तेथे त्यांनी एकीकडे कॅलिफोर्नियातील संस्थेत लष्करी शिक्षण घेतले, तर दुसरीकडे ओरेगॉन व वॉशिंग्टन या राज्यांतील महाविद्यालयांत शेतीशास्त्राचा अभ्यास केला.

गदर चळवळ

ओरेगॉनमधील लाकूड गिरण्यांत राबणारे बहुतेक भारतीय मजूर हे पंजाबातील शेतकरी कुटुंबांतून आलेले होते. सोहनसिंग भकना आदींसमवेत खानखोजे यांनी या मजुरांत संघटनेचे काम केले. त्यातूनच १९१३ मध्ये गदर चळवळ उभी राहिली. पहिल्या महायुद्धात ते इराणमध्ये ब्रिटिश सैन्याविरुद्ध लढले, पकडले गेले आणि निसटले. युद्धानंतर बर्लिनमधील भारतीय क्रांतिकारकांच्या गटासोबत ते १९२१ मध्ये मॉस्कोस गेले. मायदेशाचे दार मात्र त्यांना बंदच होते.

मेक्सिकोतील कार्य

१९२४ च्या सुमारास खानखोजे मेक्सिकोत आले. तेथील क्रांतिकारकांशी त्यांचा परिचय अमेरिकेतच झाला होता. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले.

१९१० मध्ये सुरू झालेल्या क्रांतीनंतर मेक्सिकोच्या १९१७ च्या राज्यघटनेने मोठ्या जमीनदाऱ्यांची जमीन गावांना देण्याची तरतूद केली होती. तथापि, पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या मजुराला नुसता जमिनीचा तुकडा पुरेसा नव्हता. बियाणे, पाणी आणि पिकाचे ज्ञान हाती नसेल, तर मिळालेली जमीन पुन्हा सावकाराकडे वा जमीनदाराकडे जाण्याचा धोका होता. ही उणीव भरून काढण्यासाठी खानखोजे यांनी मुक्त कृषिशाळांची स्थापना केली. त्यांत शेतकऱ्यांना शुल्क न घेता शिकवले जाई. यांपैकी एका शाळेस शेतकरी नेते एमिलियानो झापाटा यांचे नाव देण्यात आले. सुधारित शेतीचे धडे आणि आपल्या हक्कांची जाणीव या दोन्ही गोष्टी येथे एकत्र दिल्या जात. छायाचित्रकार टीना मोदोत्ती यांनी या शाळांची छायाचित्रे टिपली.

संशोधन

मका हे मेक्सिकोच्या गरीब माणसाचे मुख्य अन्न. खानखोजे यांनी मक्याच्या नव्या वाणांवर काम केले आणि तेओसिंते या मक्याच्या रानटी नातलग गवताशी मक्याच्या संकराचे प्रयोग केले. चित्रकार दिएगो रिवेरा यांच्या मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीतील भित्तिचित्रांत त्यांचे चित्र आहे. ‘आमची रोजची भाकर’ अशा अर्थाचे नाव असलेल्या त्या चित्रात सर्व थरांतील माणसे एका मेजाभोवती जमलेली दिसतात.

मायदेशी परत

१९३६ मध्ये खानखोजे यांनी जान सिंदिक या बेल्जियन तरुणीशी विवाह केला. त्यांना सावित्री व माया या दोन मुली झाल्या. भारत स्वतंत्र झाल्यानंतर त्यांनी प्रवेशाची परवानगी मागितली, तेव्हा ब्रिटिश राजवटीने तयार केलेल्या काळ्या यादीत नाव असल्यामुळे ती प्रथम नाकारण्यात आली. ज्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी घर सोडले, ते मिळाल्यावरही जुन्या सरकारचा शेरा पुसला गेला नव्हता. पुढे हा निर्णय बदलला. १९५० च्या दशकात ते नागपुरात स्थायिक झाले व तेथेच त्यांचे निधन झाले.

वारसा

कन्या सावित्री सॉनी यांनी त्यांचे चरित्र इंग्रजीत लिहिले. २०२२ मध्ये चापिंगो येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. महाराष्ट्रात त्यांचे नाव प्रामुख्याने क्रांतिकारकांच्या यादीत घेतले जाते. जमिनीचे वाटप आणि शेतकऱ्याचे शिक्षण एकमेकांवाचून टिकत नाहीत, हा त्यांच्या मेक्सिकोतील कार्याचा धागा मात्र आपल्याकडे अल्पपरिचित राहिला.