पृथ्वीचे वय आणि रक्तातले शिसे

ओपीडीत रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात आला की रुग्णाची नजर आधी उजवीकडच्या रकान्यावर जाते. तिथे नॉर्मल किती ते छापलेले असते. आपला आकडा त्या चौकटीत बसला की चेहरा सैलावतो. बहुतेक वेळा ते योग्यच असते. पण ही चौकट ठरते कशी? धडधाकट दिसणाऱ्या बऱ्याच माणसांचे रक्त तपासायचे आणि त्यातल्या बहुतेकांचे आकडे जिथून जिथपर्यंत येतात ती नॉर्मल मर्यादा धरायची, अशी त्याची साधारण रीत आहे. आता समजा, ती सगळीच माणसे नकळत एकाच विषाचा थोडा थोडा डोस रोज घेत असतील तर? मग ते विषही नॉर्मलच ठरेल.

विसाव्या शतकात नेमके असेच घडले. ही चूक दाखवून देणारा माणूस डॉक्टर नव्हता. तो दगडांचा अभ्यासक होता आणि निघाला होता पृथ्वीचे वय मोजायला. त्याचे नाव क्लेअर पॅटरसन.

पॅटरसन यांचा जन्म २ जून १९२२ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या मिचेलव्हिल या छोट्या गावात झाला. वडील टपाल खात्यात होते. लहानपणी आईने दिलेल्या रसायनांच्या खेळण्यातल्या संचाने त्यांना रसायनशास्त्राची गोडी लावली. पदवीनंतर दुसऱ्या महायुद्धात ते अणुबॉम्बच्या प्रकल्पावर ओक रिज येथे काम करत होते. तिथे मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रावर त्यांचा हात बसला. एकाच मूलद्रव्याचे हलके आणि जड अणू हे यंत्र वेगळे करून मोजते. युद्ध संपल्यावर ते शिकागो विद्यापीठात पीएचडीसाठी आले आणि मार्गदर्शक हॅरिसन ब्राउन यांनी त्यांना कामाला लावले: खडकातले शिसे मोजायचे आणि त्यावरून पुढे पृथ्वीचे वय काढायचे. काम सोपे आहे, असे ब्राउन यांना वाटत होते.

युरेनियमचे अणू ठरावीक गतीने फुटत जातात आणि शेवटी त्यांचे शिसे होते. खडकात युरेनियम किती उरले आणि शिसे किती साठले हे कळले की काळ किती गेला ते कळते. हिशेब मुद्दल आणि व्याजासारखा आहे. अडचण एवढीच, की पृथ्वी जन्मली तेव्हा तिच्यात थोडे शिसे आधीपासूनच होते. ही सुरुवातीची शिल्लक किती, हे समजल्याशिवाय व्याज काढता येत नाही. याचे उत्तर लोखंडी अशनींमध्ये होते. सूर्यमालेच्या जन्माच्या वेळी घडलेल्या या अशनींत युरेनियम जवळजवळ नसते, त्यामुळे त्यांच्यातले शिसे आरंभी होते तसेच राहिलेले असते.

पण त्याआधीच गाडे अडले. सरावासाठी घेतलेल्या, वय माहीत असलेल्या खडकात शिसे किती निघायला हवे हे गणिताने ठाऊक होते. सहकारी जॉर्ज टिल्टन यांचे युरेनियमचे आकडे बरोबर येत होते, पॅटरसन यांचे शिशाचे आकडे मात्र प्रत्येक वेळी भलतेच जास्त. दुसरा एखादा नमुना बिघडला म्हणून पुढे गेला असता. पॅटरसन यांनी हे जास्तीचे शिसे येते कुठून याचा माग काढायला सुरुवात केली. ते काचेच्या भांड्यांत होते, नळाच्या पाण्यात होते, रसायनांत होते, हवेतल्या धुळीत होते, माणसांच्या केसांत आणि कपड्यांत होते.

१९५२ मध्ये ते ब्राउन यांच्याबरोबर पासाडेना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे कॅलटेक या विद्यापीठात आले आणि तिथे त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा उभारली. आत येणारी हवा गाळलेली. खोलीत हवेचा दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त, म्हणजे दार उघडले तरी धूळ आत शिरणार नाही. भांडी आम्लाने पुन्हा पुन्हा धुतलेली, पाणी आणि रसायने स्वतः शुद्ध केलेली. आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये जंतूंसाठी जी शिस्त असते, ती त्यांनी शिशासाठी लावली. शिशाच्या बाबतीत इतकी स्वच्छ खोली जगात तेव्हा क्वचितच असेल.

या खोलीत त्यांनी कॅनियन डायब्लो अशनीतले शिसे वेगळे केले. सुमारे ५० हजार वर्षांपूर्वी ॲरिझोनात कोसळून तिथले प्रसिद्ध विवर पाडणारा हाच तो अशनी. १९५३ मध्ये नमुने घेऊन ते शिकागोजवळच्या आरगॉन प्रयोगशाळेत गेले आणि तिथल्या यंत्रावर हवे ते आकडे मिळाले. तिथून ते आयोवात आईवडिलांकडे गेले तेव्हा इतके उत्तेजित झाले होते, की आपल्याला हार्ट ॲटॅक येतो आहे असे वाटून त्यांनी आईला रुग्णालयात न्यायला सांगितले. १९५६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला आकडा होता ४५५ कोटी वर्षे, सात कोटी इकडेतिकडे. आजही पृथ्वीचे वय जवळपास तेवढेच मानले जाते.

एवढ्यावर थांबले असते तरी विज्ञानाच्या इतिहासात त्यांची जागा पक्की होती. पण त्यांना त्रास देणारे ते जास्तीचे शिसे डोक्यातून जात नव्हते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आणि सहकाऱ्यांनी समुद्राचे पाणी तपासले. खोल पाण्यात शिसे कमी आणि पृष्ठभागाजवळ कितीतरी जास्त निघाले. म्हणजे हे शिसे अलीकडे आणि वरून, हवेतून येत होते. मग ते ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात गेले. तिथे दर वर्षीच्या हिमाचा थर आधीच्या थरावर बसतो, त्यामुळे खाली खणत जाणे म्हणजे मागच्या काळात जाणे. ग्रीनलंडच्या ताज्या थरात अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या थराच्या शेकडो पट शिसे होते आणि सर्वांत तीव्र वाढ १९४० नंतरची होती.

मुख्य संशयित होते पेट्रोल. इंजिनातली खडखड थांबवण्यासाठी १९२३ पासून अमेरिकेत पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड मिसळले जात होते. दुसऱ्याच वर्षी ते बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, तेव्हा थोडी खळबळ झाली. पण पुढची चाळीस वर्षे या विषयावर शब्द चालला तो उद्योगाच्या पैशावर संशोधन करणाऱ्या रॉबर्ट किहो या डॉक्टरांचा. त्यांचे म्हणणे असे, की शिसे निसर्गातच आहे, सगळ्यांच्या शरीरात असते, आणि रक्तात एका डेसिलिटरमागे ८० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर धोका नाही.

१९६५ मध्ये पॅटरसन यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून याच विचाराच्या मुळावर घाव घातला. सगळ्यांच्या शरीरात सापडते ते नेहमीचे असेल, पण म्हणून ते नैसर्गिक ठरत नाही. अमेरिकन माणसाच्या शरीरातले शिसे निसर्गतः असायला हवे त्याच्या सुमारे शंभर पट आहे, असा त्यांचा हिशेब होता. किहो यांनी तुलना केली होती ती एका प्रदूषित माणसाची दुसऱ्या प्रदूषित माणसाशी.

याची किंमत त्यांना मोजावी लागली. तेल उद्योगाकडून मिळणारा संशोधननिधी बंद झाला, सरकारी आरोग्य खात्याचा करारही पुढे चालू राहिला नाही. १९६६ मध्ये सिनेटच्या समितीपुढे किहो आणि पॅटरसन या दोघांच्याही साक्षी झाल्या. पण हवेतल्या शिशावर १९७१ मध्ये राष्ट्रीय पातळीवरचा अहवाल तयार झाला, तेव्हा या विषयातल्या सर्वांत जाणत्या माणसाला समितीत घेतलेच नव्हते.

पॅटरसन मोजत राहिले. पेरूमधल्या सुमारे १,६०० वर्षांपूर्वीच्या माणसांची हाडे त्यांनी तपासली. त्यांच्यात शिसे जवळजवळ नव्हतेच. शिशाच्या डाखाने जोडलेल्या डब्यातला ट्यूना मासा तपासला, तेव्हा ताज्या माशापेक्षा त्यात हजारो पट शिसे निघाले. त्याच सुमारास, १९७९ मध्ये, हर्बर्ट नीडलमन या बालरोगतज्ज्ञांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात तपासून दाखवले, की ज्यांच्या दातांत शिसे जास्त त्यांची बुद्धिमत्ता आणि एकाग्रता कमी. हाडांसाठी शिसे कॅल्शियमसारखेच वाटते, म्हणून तिथे ते वर्षानुवर्षे साठते. ते रक्त तयार होण्यात अडथळा आणते, मेंदूत शिरते, मोठ्यांचा रक्तदाब वाढवते. पोटात गेलेल्या शिशातला वाटा लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार-पाच पट शोषला जातो.

अमेरिकेत १९७० च्या दशकात पेट्रोलमधले शिसे कमी होऊ लागले. १९७६ ते १९८० या चारच वर्षांत लोकांच्या रक्तातले सरासरी शिसे एक तृतीयांशाहून जास्त घटले. रस्त्यावरच्या वाहनांसाठी तिथे पूर्ण बंदी आली १ जानेवारी १९९६ रोजी. पॅटरसन त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, ५ डिसेंबर १९९५ रोजी दम्याच्या झटक्याने गेले. भारतात शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र आले २००० मध्ये, आणि जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, ते संपायला २०२१ उजाडले.

आम्ही वैद्यकीय शिक्षण घेत होतो तेव्हा शिशाची विषबाधा म्हणजे कारखान्यातल्या कामगाराचा आजार. हिरड्यांवरची निळसर रेघ, लोंबते मनगट, पोटातली कळ, एवढे पाठ केले की परीक्षा निघून जाई. कॉलेजबाहेरच्या रस्त्यावर रिक्षा आणि स्कूटर तेच शिसे ओकत होत्या, पण वर्गात कोणी तो विषय काढला नाही, आणि मीही विचारले नाही. मुलांच्या रक्तात किती शिसे असले तर काळजी करायची, याची अमेरिकेतली पातळी १९६० च्या दशकात ६० मायक्रोग्रॅम होती. ती उतरत उतरत आज ३.५ वर आली आहे. मुलांची शरीरे तीच आहेत, रिपोर्टचा रकाना बदलला. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही.

पेट्रोलमधून शिसे गेले तरी घरातून गेलेले नाही. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवण्याचे धंदे वस्तीत चालतात. जुन्या रंगाचे पोपडे, भडक पिवळेपणासाठी भेसळ केलेली हळद, काही प्रकारचे सुरमे यांतूनही ते मुलांच्या पोटात जाते. मूल फिकट दिसत असेल, सतत पोट दुखत असेल, अभ्यासात मागे पडत असेल आणि घराजवळ किंवा घरात यांपैकी काही असेल, तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा. शिशाची तपासणी नेहमीच्या रक्ततपासणीत होत नाही. ती मुद्दाम मागावी लागते. बॅटरीचे काम करणाऱ्याने घरी येण्याआधी अंघोळ करून कपडे बदलावेत, आणि ते कपडे मुलांच्या कपड्यांत मिसळू नयेत.