ताकद वाढवायची की गळती शोधायची?

पंप पाणी कमी फेकू लागला, चेनसॉ जाड बुंध्यात अडकू लागली किंवा मिक्सर धापा टाकू लागला की मालकापुढे दोन वाटा असतात. आहे त्याच यंत्रात फेरफार करून घ्यायचे, नाही तर जास्त ताकदीचं नवं विकत आणायचं. अडीचशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न ब्रिटनमधल्या खाणमालकांना पडला होता. फरक एवढाच, की त्यांचं यंत्र दोन-तीन मजली घराएवढं होतं. त्यांच्या या प्रश्नाचं स्वरूपच बदलून टाकणारा माणूस म्हणजे जेम्स वॉट. किटलीचं झाकण उडताना पाहून त्याने वाफेचं इंजिन शोधलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. प्रत्यक्षात त्याच्या जन्माच्या चोवीस वर्षं आधीच ते इंजिन चालू झालं होतं. वॉटकडे ते आलं दुरुस्तीसाठी.

वॉटचा जन्म १९ जानेवारी १७३६ रोजी स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक या बंदरात झाला. तो लहानपणी नेहमी आजारी असायचा. डोकेदुखीने बेजार झालेल्या या मुलाचं बरंचसं शिक्षण घरीच झालं. वडिलांचा व्यवसाय जहाजांशी निगडित होता, त्यामुळे घरच्याच कार्यशाळेत त्याचा हात हत्यारांवर बसला. १७५५ साली तो मोजमापाची उपकरणं बनवायला शिकण्यासाठी लंडनला गेला. वर्षभर राबून तब्येत ढासळली आणि तो परतला. पुढे ग्लासगो विद्यापीठाने त्याला आवारात कार्यशाळेसाठी जागा दिली. तिथे त्याची मैत्री जोसेफ ब्लॅक यांच्याशी झाली. ब्लॅक हे डॉक्टर होते आणि उष्णतेचा अभ्यास करत होते.

१७६३-६४च्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या संग्रहातलं एक बिघडलेलं मॉडेल वॉटकडे आलं. ते टॉमस न्यूकमेन यांच्या इंजिनाचं होतं. १७१२ पासून हे इंजिन खाणीतलं पाणी उपसत होतं. त्याचं काम समजायला सोपं आहे. बॉयलरमधली वाफ सिलिंडरमध्ये भरायची आणि मग आत गार पाण्याची फवार सोडायची. वाफेचं पाणी होतं, आत पोकळी तयार होते आणि बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्याला खाली रेटतो. दट्ट्याला जोडलेली तुळई झुलते आणि तिच्या दुसऱ्या टोकाचा पंप पाणी वर ओढतो.

वॉटने मॉडेल नीट करून चालवून पाहिलं. चार-दोन फेऱ्या झाल्या आणि वाफ संपून ते थांबलं. त्या मॉडेलचा सिलिंडर जेमतेम दोन इंच व्यासाचा होता आणि त्याच्या मानाने बॉयलर मुळीच लहान नव्हता. सोपा उपाय उघड होता : बॉयलर मोठा करा, जाळ वाढवा. वॉटने त्याऐवजी मोजायला सुरुवात केली. किती पाण्याची किती वाफ होते, एका फेरीला किती वाफ लागते, याची त्याने नोंद ठेवली. उत्तर चक्रावणारं होतं. सिलिंडर एकदा भरायला जेवढी वाफ पुरायला हवी, तिच्या कित्येक पट वाफ प्रत्येक फेरीत खर्च होत होती.

ही वाफ जात कुठे होती? गार पाण्याच्या फवाऱ्याने वाफेबरोबर सिलिंडरचं धातूचं अंगही थंड पडत होतं. पुढच्या फेरीची बहुतेक वाफ ते अंग पुन्हा तापवण्यातच संपत होती. छोट्या मॉडेलमध्ये हा तोटा जास्त ठळक दिसला, कारण वस्तू जितकी लहान, तितका तिच्या आकारमानाच्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग मोठा. कमी वजनाचं नवजात बाळ मोठ्या माणसापेक्षा चटकन गार पडतं, ते याच कारणाने. मोठ्या इंजिनांनाही हाच आजार होता, पण तिथे तो कोळशाच्या ढिगाखाली झाकला जात होता.

वॉटने आधी फेरफार करून पाहिले. धातू उष्णता खातो म्हणून जवसाच्या तेलात मुरवलेल्या लाकडाचा सिलिंडर त्याने बनवला, पण तो टिकण्याजोगा नव्हता. फवाऱ्याचं पाणी कमी केलं तर वाफ पुरती निवत नव्हती आणि ताकद घटत होती. याच काळात त्याला आणखी एक कोडं पडलं. थोड्याशा वाफेने तिच्या सहापट वजनाचं गार पाणी उकळीला येत होतं. एवढी उष्णता वाफेत आली कुठून? ब्लॅक यांच्याकडे याचं उत्तर तयार होतं. पाण्याची वाफ होताना तापमान न वाढवता उष्णता आत दडून बसते आणि वाफेचं पाणी होताना ती बाहेर पडते. शाळेच्या पुस्तकात आपण तिला अप्रकट उष्मा म्हणतो.

आता दुखणं नेमकं कळलं होतं. सिलिंडर कायम गरम राहायला हवा होता आणि वाफ थंड व्हायला हवी होती. एकाच भांड्यात या दोन्ही गोष्टी जमणं अशक्य. मे १७६५ मधल्या एका रविवारी ग्लासगोच्या मैदानावर फिरताना वॉटला उत्तर सुचलं. वाफ दुसऱ्या भांड्यात नेऊन तिथे थंड करायची. कायम गार ठेवलेलं हे वेगळं भांडं म्हणजेच कंडेन्सर.

कल्पना सुचली, पण तिचं इंजिन व्हायला अकरा वर्षं लागली. वॉटकडे पैसा नव्हता. पैसा लावणारा पहिला भागीदार जॉन रोबक, हाही मूळचा डॉक्टर, कर्जात बुडाला. १७६९ मध्ये पेटंट मिळालं, तरी पोटासाठी वॉट कालव्यांची मोजणी करत हिंडत होता. १७७३ साली तो अशाच कामावर दूर असताना त्याची पत्नी मार्गारेट बाळंतपणात दगावली. पुढच्या वर्षी तो मुलांसह बर्मिंगहॅमला गेला. तिथला कारखानदार मॅथ्यू बोल्टन नवा भागीदार झाला. तोफांच्या नळ्या अचूक कोरणाऱ्या जॉन विल्किन्सनच्या यंत्रामुळे वाफ न गळणारा सिलिंडर मिळाला. १७७६ मध्ये पहिली दोन इंजिनं सुरू झाली. जुन्या साध्या इंजिनाच्या तुलनेत त्यांना कोळसा साधारण पाव भागच लागत होता.

खाणमालकांचा पेच मात्र इथेच खरा सुरू झाला. जॉन स्मीटन या निष्णात अभियंत्याने न्यूकमेनचंच इंजिन नीट घासून-पुसून, मापं सुधारून त्याची कार्यक्षमता जवळपास दुप्पट केली होती. १७७५ मध्ये कॉर्नवॉलमधल्या चेसवॉटर इथे त्याने ७२ इंची सिलिंडरचं अवाढव्य इंजिन उभारलं. म्हणजे जुनं सुधारणं, त्याहून मोठं बसवणं आणि वॉटचं नवं घेणं, असे तीन पर्याय समोर होते.

निवड ठरली ती कोळशाच्या भावावर. कॉर्नवॉलच्या तांब्याच्या आणि कथिलाच्या खाणींना कोळसा समुद्रमार्गे वेल्सहून आणावा लागे. तिथे वॉटच्या इंजिनाला पर्यायच नव्हता. उलट कोळशाच्या खाणींच्या तोंडाशी न विकला जाणारा चुरा फुकट पडलेला असायचा. तिथल्या मालकांनी जुनी इंजिनं पुढे अनेक दशकं चालू ठेवली आणि त्यांचं फारसं चुकलंही नाही. बोल्टन आणि वॉट यांची फी कोळशाच्या बचतीतून यायची. जुन्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश हिस्सा ते घेत. पैसे मोजताना मालक कुरकुर करत. काहींनी परवानगी न घेताच वेगळा कंडेन्सर वापरला आणि प्रकरणं कोर्टात गेली.

वॉटच्या दृष्टीलाही मर्यादा होती. जास्त दाबाची वाफ धोक्याची, यावर तो ठाम होता. त्या काळचे बॉयलर पाहता ही भीती निराधार नव्हती. पण १८०० साली त्याच्या पेटंटची मुदत संपली आणि रिचर्ड ट्रेविथिकने जास्त दाबाच्या वाफेवर लहान पण जोरकस इंजिनं बनवली. १८०४ मध्ये त्याचं इंजिन रुळांवरून धावलं. गळती थांबवून झाल्यावर ताकद वाढवायचीही वेळ येते, हे वॉटने मानलं नाही.

आजाराने वॉटचं घर कधीच सोडलं नाही. दुसऱ्या पत्नीपासून झालेली मुलगी जेसी १७९४ मध्ये क्षयाने गेली. ती १५ वर्षांची होती. टॉमस बेडोज हे डॉक्टर तेव्हा निरनिराळे वायू हुंगवून फुप्फुसाचे रोग बरे करता येतील का, हे तपासत होते. दुःखात बुडालेल्या वॉटने त्यांच्यासाठी वायू तयार करणारं, साठवणारं आणि रुग्णाला देणारं उपकरण बनवलं. ते सुबक होतं, कारखान्यातून विकलंही गेलं. क्षयाचा एकही रुग्ण मात्र त्याने बरा होण्याजोगा नव्हता. इंजिनाच्या बाबतीत वॉटने आधी दुखणं शोधलं होतं. इथे दुखण्याचं कारणच कुणाला ठाऊक नव्हतं. क्षयाचा जंतू सापडायला १८८२ साल उजाडावं लागलं. १८०४ मध्ये वॉटचा मुलगा ग्रेगरीही २७व्या वर्षी त्याच रोगाने गेला. या खटाटोपातून एक गोष्ट तेवढी हाती लागली. बेडोज यांच्या ब्रिस्टलच्या संस्थेत तरुण हम्फ्री डेव्हीने नायट्रस ऑक्साईड स्वतः हुंगून पाहिला आणि शस्त्रक्रियेतल्या वेदना त्याने कमी करता येतील, असं १८०० मध्ये लिहून ठेवलं. भूल देण्याच्या शास्त्रात तो वायू पुढे कायमचा आला.

रक्त कमी म्हणून नुसत्या लोहाच्या गोळ्या वाढवत गेलो आणि मूळव्याधीतून किंवा आतड्यातल्या कृमींमुळे जाणारं रक्त शोधलंच नाही, तर हिमोग्लोबिन वर येत नाही. मॉडेलला मोठा बॉयलर न जोडता वाफेचा हिशेब मांडणाऱ्या वॉटने यंत्राच्या बाबतीत हेच ओळखलं होतं. त्याच्याच कारखान्यात पुढे सिलिंडरमधला दाब आणि आकारमान यांचा आलेख काढणारं उपकरण तयार झालं. हृदयाचा पंप किती काम करतो, हे मोजताना शरीरशास्त्रज्ञ आजही त्याच जातीचा आलेख काढतात.

२५ ऑगस्ट १८१९ रोजी, वयाच्या ८४व्या वर्षी वॉटचं निधन झालं. इंजिन किती घोड्यांचं काम करेल, हे गिऱ्हाइकाला सांगण्यासाठी त्याने अश्वशक्तीचं माप ठरवलं होतं : सुमारे ७६ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणं. आज एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट, असं आपण त्याच्याच नावाने मोजतो. मिक्सरवर किंवा दिव्यावर छापलेला वॉटचा आकडा मात्र ते उपकरण वीज किती खातं, हे सांगतो. काम किती करतं, हे त्यावरून कळत नाही. जुन्या ६० वॉटच्या दिव्याएवढा उजेड ९ वॉटचा एलईडी देतो. जुन्या दिव्याची बाकीची बहुतेक वीज उष्णता होऊन वाया जात होती.