मुलांचा पियानोगुरू कार्ल चेर्नी

पियानो हे वाद्य आपल्या खेड्यापाड्यांतील पुष्कळ वाचकांनी पाहिले नसेल. बाजाच्या पेटीप्रमाणे त्यास काळ्या व पांढऱ्या पट्ट्या असतात, परंतु भाता नसतो. पट्टी दाबताच आतील मऊ वेष्टनाची लहानशी हातोडी ताणलेल्या तारेवर आपटते व सूर उमटतो. पेटीवर एक हात भाता हलविण्यात गुंततो. पियानोवर दहाही बोटांस काम पडते, म्हणून तो शिकण्यास फार कष्ट लागतात. हे कष्ट मुलांकडून करून घेण्यात ज्याने आपले उमेदीचे आयुष्य वेचले, त्या कार्ल चेर्नीची ही हकीकत आहे.

चेर्नी २१ फेब्रुवारी १७९१ रोजी ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरी जन्मला. आईबाप घरी चेक भाषा बोलत. बाप वेंझेल हा पियानो शिकवून व वाद्ये दुरुस्त करून चरितार्थ चालवी. कार्ल एकुलता एक. बापानेच त्यास शिकविले. १८०० साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्याने मोझार्टची एक अवघड रचना लोकांपुढे वाजविली.

तो सुमारे १० वर्षांचा असता बापाने त्यास बीथोव्हन या थोर संगीतकाराकडे नेले. खोलीभर कागद व कपडे अस्ताव्यस्त पडले होते, आणि गुरूच्या कानांत पिवळसर द्रवात भिजविलेला कापूस होता. पुढे पूर्ण बहिरेपणास पोहोचलेल्या त्या दुखण्याची ही खूण मुलाच्या मनात कायमची राहिली. बीथोव्हनने त्याचे वाजविणे ऐकून त्यास शिष्य म्हणून पत्करले. परंतु पहिल्या धड्यांत स्वरांचे आरोह-अवरोह, हाताची ठेवण व अंगठ्याचा उपयोग, यांपलीकडे काही शिकविले नाही. काही वर्षांनी हे धडे थांबले. गुरूस स्वतःच्या रचनांसाठी वेळ हवा होता, आणि मुलास पोहोचविण्यात बापाचे शिकवणीचे तास बुडत होते.

१८०५ साली चेर्नीने गावोगावी जाऊन वादन करावे असे ठरले. बीथोव्हनने शिफारसपत्रही दिले. परंतु त्याच वर्षी नेपोलियनच्या फौजा व्हिएन्नात शिरल्या, आईबाप थकत चालले होते, आणि लोकांचे डोळे दिपविणारा दिखाऊपणा आपल्या वाजविण्यात नाही हे त्याने स्वतः ओळखले होते. बेत राहिला. पुढे १८१२ साली बीथोव्हनची पियानोसाठी रचलेली पाचवी मोठी वाद्यवृंदरचना व्हिएन्नात प्रथम वाजविण्याचा मान त्यासच मिळाला, तरी रंगमंचाकडे त्याचे मन वळले नाही. त्याने शिकवणीचाच मार्ग धरला. दिवसास ११-१२ तास, एकामागून एक विद्यार्थी, असा क्रम १८३६ पर्यंत चालला. रचना लिहावयाच्या त्या दिवस मावळल्यावर!

१८१६ साली एका मैफलीत बीथोव्हनची रचना वाजविताना चेर्नीने पदरचे काही अलंकार घातले. गुरूने सर्वांदेखत त्याची कडक कानउघाडणी केली. पण दुसऱ्याच दिवशी पत्र पाठवून आपल्या रागाबद्दल खेद कळविला. चेर्नीने पुढे लिहिलेल्या आठवणींत ही फजिती झाकून ठेवली नाही. बीथोव्हनचा पुतण्या कार्ल यासही तोच शिकवीत असे. मुलाचे बोट व ताल एकदा बरोबर बसले, की लहानसहान चुकीसाठी त्यास मध्येच अडवू नये, रचना संपल्यावर चूक दाखवावी, अशी सूचना बीथोव्हनने त्यास केली होती. आपल्यापैकी जे मुलांस धडे देतात त्यांस तिचे मोल कळेल. अडविण्याची घाई आपणा सर्वांसच असते.

१८१९ साली हंगेरीतील एक गृहस्थ आपल्या ८ वर्षांच्या फ्रांझ लिस्ट नावाच्या मुलास घेऊन आला. मुलगा फिकट व अशक्त दिसे. वाजविताना असा डुले की बैठकीवरून पडेल की काय अशी भीती वाटावी. बोटे कोठेही पडत, ताल सुटे. तरी निसर्गाने त्यास काय दिले आहे हे चेर्नीने तत्काळ ताडले. पुढे लिस्ट व्हिएन्नात राहावयास आला, तेव्हा जवळजवळ रोज संध्याकाळी चेर्नी त्यास शिकवू लागला व मोबदला घेईना. पहिले काही महिने पुन्हा तेच: आरोह-अवरोह, ताल, बोटांची शिस्त. मुलास हे रुचले नाही, पण गुरू ढळला नाही. चेर्नीचे आईबापही त्या मुलास घरच्यासारखा मानू लागले. १८२३ साली बापाने मुलास पॅरिसकडे नेले, तेव्हा हे फार लवकर झाले असे चेर्नीस वाटले. लिस्ट युरोपभर गाजला. १८५२ साली छापलेल्या आपल्या १२ कठीण अभ्यासरचना त्याने या जुन्या गुरूस अर्पण केल्या. मोठेपणी तो स्वतःही शिष्यांकडून शुल्क घेत नसे.

चेर्नीच्या छापील रचनांचे क्रमांक ८६१ पर्यंत जातात. त्यांतील ५९९ क्रमांकाचे पुस्तक नवशिक्यांसाठी असून ते आजही मुलांपुढे ठेवले जाते. त्याचे अभ्यासपाठ रुक्ष आहेत, अशी तक्रार मुले करतात व ती अगदीच खोटी नाही. पण पाया खणताना कोणास गाणे सुचते?

त्याने लग्न केले नाही. १८२७ साली आई व १८३२ साली बाप वारला. त्यानंतर तो मांजरांच्या सोबतीने एकटाच राहिला. १५ जुलै १८५७ रोजी तो व्हिएन्नातच मरण पावला. जन्मभर साठविलेली मोठी संपत्ती त्याने आपली घरकामकरीण, व्हिएन्नातील संगीतसंस्था व निरनिराळी धर्मादाय कामे यांस वाटून दिली. त्यांत बहिऱ्यांच्या एका संस्थेचाही वाटा होता.